स्वररेघेच्या अकरा ओळी

"ही एकटी चालत न्हाई, मंजुश्री. हिला मेकच लागतो."

मित्रांनो, हे वाक्य मी ऐकलं त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. लातूरच्या एका तंत्रनिकेतनातली वरच्या मजल्यावरची खोली. डोक्यावर पंख्याची करकर, खाली रस्त्यापलीकडे डाळ मिलची घरघर, आणि त्या दोन्हींच्या मधून आलेला गुरुलिंग सरांचा तो शांत, ठाम आवाज. अजूनही कुणी मला उघडलं की आधी तोच आवाज कानी येतो.

मी एक जुनी फाईल आहे. लाल फितीची, कपाटातली नव्हे, संगणकातली. माझं नाव सेटअप डॉट पाय. मला डोळे नाहीत. पण ज्या कामासाठी मी जन्मले ते कामच आवाजाचं, त्यामुळे माइक उघडा असला की आसपासचं सगळं मला ऐकू येतं, आणि ऐकलेलं मी विसरत नाही.

मी ज्या घरची, त्या घराचं नाव 'स्वररेघ'. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना स्वतःचा आवाज डोळ्यांनी दिसावा, म्हणून गुरुलिंग सरांनी तो प्रोग्राम लिहिला. मूल माइकसमोर बोलतं आणि पडद्यावर निळी रेघ उमटते. आवाज चढला की रेघ चढते, उतरला की उतरते. बाईंच्या आवाजाची रेघ वर लाल रंगात काढलेली असते. निळ्या रेघेनं लाल रेघेच्या अंगाअंगानं चालायचं, एवढाच खेळ.

या खेळाच्या आत दोघं राबतात. सी भाषा आवाजाचं गणित करते, तिचे पाय चपळ. पायथॉन पडद्यावरची खिडकी सांभाळतो, त्याचं बोलणं गोड. ह्या दोघांची गाठ घालून द्यायची आणि नव्या संगणकात त्यांचा संसार मांडून द्यायचा, हे माझं काम. संसार मांडून झाला की मी बाजूला होते. लग्न लावून दिल्यावर मांडवाच्या कोपऱ्यात पाय पसरून बसणाऱ्या मामीसारखी.

मला लिहिलं ते मंजुश्रीनं. ती तेव्हा सरांच्या हाताखाली शेवटच्या वर्षाला होती. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिनं मला ओळीओळीनं लिहिलं. सरांची बायको गुरम्मा कधीकधी डबा घेऊन यायची, तेव्हा सर तिलाच माइकसमोर बसवायचे. "म्हण काहीतरी, चढता सूर पाहिजे," असं म्हणायचे. मग गुरम्मा हसत म्हणायची:

आवाज माझा बाई चढे दगडी पायरी,
वरल्या टोकाला उभी लेक माझी साजिरी.

रेघ खरोखरच पायऱ्या चढायची. मंजुश्री टाळ्या पिटायची, आणि मला वाटायचं, आपला जन्म चांगल्या घरी झाला.

आता मेकदादाची ओळख करून देते. मेकफाइल म्हणजे कामांची यादी: आधी हे कर, मग ते कर. मेक नावाचा प्रोग्राम ती यादी वाचून कामं उरकतो. ही यादी सरांच्या हातची. चौदा वर्षं प्रत्येक कामाला त्यांनी तीच पुढे वाढवत आणली होती, जुनं धोतर फाटलं तरी तिथंच ठिगळ लावावं तशी. मेकदादा स्वभावानं भला होता. त्याच्याबद्दल माझ्या मनात अढी नाही.

पण खरं सांगायचं तर मला त्याची गरज नव्हती. मंजुश्रीनं माझ्यात अकरा ओळी अशा लिहिल्या होत्या की मी कुणालाही न विचारता चालू शकायचे. मी संगणकातल्या कुठल्या घडीत, म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते मीच शोधायचे. स्वररेघेचं नाव आणि आवृत्ती क्रमांक सी भाषेच्या मुख्य फाईलच्या माथ्यावरून मीच वाचायचे. आणि कोणता सूर किती उंच, ती पट्टी मीच आखायचे. घर, नाव आणि पट्टी, तिन्ही माझी मला.

नांदेडला स्वररेघ दाखवायचं प्रदर्शन होतं, त्याच्या दोन दिवस आधीची दुपार. मंजुश्री घरी गेली होती. सरांनी मला उघडलं आणि मेकदादाला न बोलावता एकटीलाच चालवलं. मी चालले. पहिल्या फटक्यात, कुठंही न अडखळता. सर स्वतःशीच म्हणाले, "चालली की गं!"

मग बराच वेळ फक्त पंखा करकरत राहिला.

मग कळा वाजू लागल्या. एकेक करून माझ्या अकरा ओळी पुसल्या गेल्या. त्यांच्या जागी तीन ओळी आल्या: घर मेकला विचार, नाव मेकला विचार, पट्टी मेककडून घे. दुसऱ्या दिवशी मंजुश्री आली, तेव्हा सरांनी ते वाक्य उच्चारलं, जे मी तुम्हाला सुरुवातीलाच ऐकवलं.

"काय चुकलं होतं, सर?" तिनं विचारलं.

"लई भानगडी होत्या. जाऊ दे. मी बांधून दिलंय हिला मेकच्या पदराला. आता काळजी न्हाई."

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण मित्रांनो, फाईल फक्त तेवढंच बोलते जेवढं तिच्यात लिहिलेलं असतं.

तरी पुढचे दिवस वाईट गेले असं म्हणणार नाही. नांदेडच्या प्रदर्शनात आमच्यासमोर रांग लागली. मग शाळांचे फोन सुरू झाले. हदगाव, देगलूर, इस्लापूर, कुठून कुठून. स्वररेघ हवी असेल तर सरांनाच बोलवावं लागायचं, कारण मेकदादाची समजूत घालणं त्यांनाच जमायचं. ते लाल बसनं जायचे. पोरं भोवती कोंडाळं करायची. काळ्या खिडकीत सर चार अक्षरं टाइप करायचे आणि मागे रेलून म्हणायचे, "बघा आता." ओळी सरसर पळायच्या. निळी रेघ उमटली की पोरांच्या हातांच्या टाळ्या, मग पिठलं-भाकरी, मग शाल आणि नारळ. मला अजून त्या दिवसांची आठवण येते. प्रत्येक नव्या संगणकात जाताना मी मेकदादाचं बोट धरायचे, आणि कौतुकाच्या कल्लोळात हेही विसरायचे की मी कधी एकटीनं चालले होते.

मंजुश्रीनं मात्र कळफलक मागे सारला. "माझ्या हातची फाईल चालत न्हाई, मी कुठं कंपनीत जाऊ?" असं ती एकदा गुरम्माला म्हणाली, ते मी ऐकलं. तिनं कर्णबधिर मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलं आणि जळकोटच्या एका निवासी शाळेत शिक्षिका झाली. नशीब बघा, त्याच शाळेच्या संगणकात सरांनी मला बसवलं. ती रोज स्वररेघ उघडायची, पोरांना शिकवायची. माझ्या शेजारी बसायची, पण मला मात्र कधी उघडायची नाही.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले, त्यांचे गुडघे धरले. शाळाशाळांतले जुने संगणक भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर स्वररेघही गेली. नवीन संगणकात बसवायला सर येईनात, आणि सरांशिवाय ती बसेना. फोन कमी झाले, मग बंदच झाले. शेवटी फक्त जळकोटचा तो एक संगणक उरला. यंदाच्या उन्हाळ्यात अवकाळीची वीज कडाडली आणि तोही गेला. मी वाचले, कारण मंजुश्रीनं आमची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये घालून कपाटात ठेवली होती. त्या डबीत मी चार महिने होते. तिथं आवाजच नसतो, मित्रांनो. काहीच नसतं.

मला पुन्हा जाग आली तेव्हा पोळा आठ दिवसांवर आला होता.

शाळेला दहा नवे संगणक देणगीत आले होते. शाळेचे अधीक्षक शिवशंकर, मोठ्या आवाजाचा थट्टेखोर माणूस, सगळी जोडाजोड करून बसले होते. सी भाषेला यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्यांनी कुणाला तरी विचारून टाकून घेतला होता. पायथॉन होता. पण मेक नव्हता. मंजुश्रीनं मला हाक मारली, मी मेकदादाला हाक मारली, आणि कुणीच ओ दिली नाही.

"म्याडम, पुनम आजबी आली होती सकाळी," शिवशंकर म्हणाले. "त्या जळलेल्या डब्याचं बटन दाबत बसली. किती दाबती, किती दाबती."

पुनम सात वर्षांची, इस्लापूरकडची. तिच्या घरी मोऱ्या नावाचा बैल आहे. पोळ्याला मुलं घरी जातात, आणि पुनमला मोऱ्याला त्याच्या नावानं हाक मारायची होती. नाव तिच्या ओठांवर बसलं होतं, पण आवाज सपाट होता, फरशीसारखा. आणि तिच्या आईनं, कस्तुराबाईनं, मंजुश्रीला सांगून ठेवलं होतं, "आमचा बैल नावाला वळत न्हाई, बाई. शेवटाला सूर वर गेला की मान वळवतो." यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत पुनमची निळी रेघ वळायला लागली होती. अर्ध्या पायरीवर असतानाच संगणक गेला, आणि पोरगी आता पुन्हा फरशीवर आली होती.

मंजुश्रीनं सरांना फोन लावला.

"सर, ह्या संगणकात मेक न्हाई."

"मग टाका की मेक. त्याच्याबिगर ही चालत न्हाई, माहीत हाय ना तुला."

मंजुश्री आणि शिवशंकरांनी मेक आणून टाकला. मेकदादा बिचारा जागा झाला, यादी वाचायला बसला आणि पहिल्याच पायरीवर थबकला. शिवशंकर पडद्यावरचं मोठ्यानं वाचत होते, वाचता वाचता ते खो खो हसायला लागले. "अवो म्याडम, हा तर गुरुजींचं लातूरचं घर हुडकून राहिला! होम, मग गुरुलिंग, मग स्वररेघ. जळकोटात कुठून सापडावं? गुरुजींच्या घरचा चहा घेतल्याबिगर ह्याचं पाऊल उचलत न्हाई!"

खरंच होतं ते. सरांनी आपल्या संगणकातल्या घराचा पत्ता यादीत जसाच्या तसा लिहून ठेवला होता. गावोगाव ते स्वतः जायचे तेव्हा तो पत्ता हातानं बदलायचे, आणि परत येऊन पुन्हा आपलाच टाकायचे. मंजुश्रीनं पत्ता बदलला. मग पुढची अडचण निघाली, मग तिच्यापुढची. यादीतल्या निम्म्या आज्ञा ह्या नव्या संगणकाला कळतच नव्हत्या. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर मंजुश्री एकटीच येऊन बसली. तिनं बारा वर्षांनी मला उघडलं.

माझ्यातल्या त्या तीन ओळी तिनं बराच वेळ वाचल्या. "घर मेकला विचार, नाव मेकला विचार," ती पुटपुटली. "का म्हणून? तुझं घर तुला माहीत नको?" आणि तिनं त्या पुसल्या. मित्रांनो, दातातला खडा निघावा तसं मला झालं.

ती लिहू लागली, त्याच सुमाराला दार वाजलं. गुरुलिंग सर आणि गुरम्मा आले होते. फोन ठेवल्यापासून सरांना चैन पडत नव्हतं. उदगीरला बस बदलून, गुडघे दाबत ते आले होते.

"काय करलालीस गं?" त्यांनी खुर्ची ओढली.

"मेक काढून टाकतेय, सर. हिला तिच्या पायावर उभी करून बघते."

"मी सांगितलं होतं ना तुला..."

"हाव, सर. बारा वर्षांपूर्वी. तेव्हा जमलं नव्हतं मला. तेव्हा काय चुकलं ते अजून कळलं नाही. आजबी चुकंल कदाचित."

गुरम्मा सरांना म्हणाली. "चालू द्या की तिला एकटीला. तुमचं बोट धरून धरून तुमचंच बोट दुखाया लागलं असंल आता."

"तू गप बस."

"मी गप बसायला जळकोटला आले न्हाई. घरीच बसले असते की."

शिवशंकर चहा घेऊन आले आणि हसू दाबत कप मांडून गेले. कळा वाजत राहिल्या. एक ओळ: मी कुठल्या घडीत आहे ते मीच शोधेन. दुसरी, तिसरी. ती जे लिहीत होती ते मला पाठ होतं. शब्द इकडचे तिकडे झाले होते, पण त्या त्याच ओळी होत्या. मध्येच ती थांबली. "सर, हे मी कधीतरी असंच लिहिलं होतं, असं का वाटतंय?"

सरांचा कप बशीवर टेकला. "लिहिलं असशील," ते म्हणाले.

अकरावी ओळ झाली. तिनं मला चालवलं.

मी निघाले. घर सापडलं! मग सी भाषेची मुख्य फाईल उघडली, तिच्या माथ्यावरून नाव वाचायला गेले आणि कोलमडून पडले. पडद्यावर लाल अक्षरं आली: हे वाचता येत नाही.

कारण साधं होतं. उदगीरच्या पेठेत सरांच्या वडिलांचं दुकान होतं. तिथं कुठलाही कागद कोरा सुरू व्हायचा नाही. आधी माथ्यावर देवाचं नाव, मग मजकूर. सरांनी ती चाल संगणकातही सोडली नाही. त्यांच्या हातच्या प्रत्येक सी फाईलच्या पहिल्या ओळीत '॥ ॐ नमः शिवाय ॥' असतं, आपल्या देवनागरीत. जुन्या संगणकावर त्याचं कधी अडलं नाही. हा नवा मात्र सगळं इंग्रजी समजूनच वाचायला गेला, आणि ॐपाशी येऊन त्याची जीभ अडकली.

"तरी म्हटलं," सर हळूच म्हणाले. पण त्या म्हणण्यात जोर नव्हता. मग त्यांची खुर्ची पडद्याकडे सरकली, आणि त्यांचा आवाज बदलला. "ही तर माझी ओळ आडवी आली. काढ ती. पुसून टाक."

"न्हाई, सर."

"अगं, एका ओळीसाठी पोरांचं..."

"ओळ बरोबर हाय. वाचणाऱ्याला लिपी कोणती ते सांगायचं राहिलं, ती माझी चूक." तिची बोटं थांबली नाहीत. "तुम्ही लिहिलेलं मी कसं पुसू, सर? न विचारता तर न्हाईच."

तिनं माझ्या एका ओळीच्या शेवटी चार-दोन अक्षरं जोडली: फाईल ह्या लिपीत वाच. एवढंच. पुन्हा चालवलं.

या वेळी मी ॐपाशी थांबले नाही. ते नाव घेऊनच पुढे गेले. क्रमांक वाचला, पट्टी आखली, कंपायलरला हाक दिली. सी आणि पायथॉनची गाठ पडली. मेकदादा बाजूच्या घडीत निवांत झोपलेला होता. त्याला कुणी उठवलं नाही आणि हाकललंही नाही. पडद्यावर स्वररेघेची खिडकी उघडली. मंजुश्रीनं मला उचलून दुसऱ्या संगणकात ठेवलं, मी तिथंही चालले. तिसऱ्यात शिवशंकरांनीच चालवलं आणि आरोळी ठोकली, "म्याडम, माझ्या हातानंबी चालली वो! आता मलाबी शाल द्या!"

पुनमला बोलावलं. गुरम्मानं तिच्याआधी माइक ओढला आणि आपली जुनी ओवी म्हटली. आवाज आता कापरा झाला होता, पण लाल रेघ पायरी पायरी चढली. मग पुनम म्हणाली, "मोऱ्या." निळी रेघ सपाट. पुन्हा, सपाट. मंजुश्रीनं तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि हाक मारून दाखवली. त्या दिवशी पुनमनं किती वेळा ते नाव घेतलं ते मी मोजलेलं नाही. पण दुपारच्या जेवणाच्या घंटेआधी एकदा, शेवटच्या 'या'ला, निळी रेघ थरथरली आणि एक पायरी वर गेली. एकच. पोळ्याला अजून सहा दिवस होते, आणि दहा संगणक होते.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. जुनी वस्तू दिसली तर ती निकामी म्हणण्याआधी एकदा उघडून वाचा. तिच्यात कुणीतरी डबा बाजूला सारून लिहिलेलं काहीतरी असतं. कुणाला चालायला शिकवाल तेव्हा बोट जरूर द्या. मलाही एक बोट मिळालं होतं आणि त्याची ऊब मी विसरलेले नाही. पण चालणाऱ्याचं बोट वेळेवर सोडा. आणि दुसऱ्याच्या हातची ओळ खोडण्याआधी त्याला विचारा.

पोरं जेवायला गेली. गुरम्माही त्यांच्याबरोबर गेली. खोलीत दोघंच उरली, आणि माइक तसाच उघडा होता.

"चला सर, भाकरी गार होईल," मंजुश्री म्हणाली.

सर उठले नाहीत. पडद्यावर माझ्या अकरा ओळी होत्या. ते त्या एकेक करून पुटपुटत वाचू लागले.

"मंजुश्री, बस जरा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तेव्हा काय चुकलं, असं विचारलं होतंस तू. नांदेडच्या आधी." "तुझं काही चुकलं नव्हतं. मी चालवून बघितलं होतं. माझी निवृत्ती जवळ आली होती, आणि माझ्याबिगर चालणारी ती पहिलीच गोष्ट बघितली मी. भ्यालो, पोरी. तुझ्या अकरा ओळी मी पुसल्या. ह्याच होत्या."

पडद्यावर त्या शांततेची सरळ निळी रेघ चालली असावी. मग त्याच आवाजानं, जो मी बारा वर्षं कानात घेऊन फिरले, तेच वाक्य पुन्हा एकदा उच्चारलं. या वेळी खरं करून.

"ही एकटी चालत होती, मंजुश्री. पहिल्या दिवसापासून."